धरणावरची पावसाळी बंदी आणि पाण्याच्या हक्काचा तंटा

परभणी आणि बीड या जिल्ह्यांच्या सीमेजवळ एक मध्यम सिंचन प्रकल्पाचे धरण आहे. त्याच्या जलाशयात मासेमारीचा ठेका घेऊन काम करणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेचा मी सचिव आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवावी, बारीक आसाची म्हणजे लहान छिद्रांची जाळी पाण्यात उतरू नयेत आणि नदी जलाशयाला जिथे मिळते ते तोंड विणीच्या काळात मोकळे राहावे, एवढ्या तीन गोष्टी सर्वांकडून मान्य करून घ्यायला आम्हाला काही वर्षे लागली. मत्स्यशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही या तिन्ही गोष्टी सापडतात आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांना त्या पुस्तकावाचून माहीत होत्या. वेळ गेला तो हे पाणी कोणाचे आणि त्यात जाळे टाकण्याचा अधिकार कोणाला, या तंट्यात. मराठवाड्यातील बहुतेक धरणांवर वाद याच वळणाचा असतो, म्हणून हा सारा क्रम सविस्तर लिहून ठेवत आहे.

धरण होण्यापूर्वी आमच्या भोई समाजाची माणसे नदीच्या डोहांत मासेमारी करीत. उन्हाळ्यात नदी आटली की डोह उरत आणि कोणत्या डोहात कोणत्या घराने जाळे टाकायचे हे ठरलेले असे. ते कागदावर कुठेच नव्हते, पण ते मोडण्याची कोणाची छाती होत नसे. धरण झाले, डोह पाण्याखाली गेले आणि त्यांच्याबरोबर ती वहिवाटही गेली. आता जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारीचा ठेका देणार मत्स्यव्यवसाय विभाग आणि संस्थेची नोंदणी व सभासदत्व पाहणार सहकार खाते, अशी तीन ठिकाणी वाटणी झाली. आमच्या वडीलधाऱ्यांनी संस्था नोंदवली, ठेका मिळवला आणि मासेमारीचा हक्क आपल्याकडेच राहिला असे मानले.

पण धरणात ज्यांची गावे बुडाली त्यांचे म्हणणे वेगळे होते. मोबदला मिळाला तो तुटपुंजा, पुनर्वसनाच्या गावात पाण्याचे हाल, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पेरणी करायची तर तीही दरवर्षी मेहेरबानीवर. या घरांतील तरुण मुले थर्माकोलचा चप्पू म्हणजे छोटा तराफा आणि तंगुसाचे म्हणजे नायलॉनच्या धाग्याचे जाळे घेऊन पाण्यात उतरू लागली, तेव्हा आमच्या लोकांनी त्यांची जाळी कापली आणि हाणामाऱ्या झाल्या. एका बैठकीत त्यांच्यातील एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, "सचिवसाहेब, आमची काळी रानं या पाण्याखाली हायेत. जमीन बुडाली आमची अन् मासे तेवढे तुमचे, हे कोण ठरवलं?" त्यांना द्यायला माझ्याकडे ठेक्याचा कागद होता. तो कागद खरा होता, आणि तरीही तो त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नव्हता, हे मला त्याच वेळी जाणवले.

या भांडणाला लवकरच राजकीय धनी मिळाले. तालुक्यातील एका गटाचे पुढारी आमच्या संस्थेच्या पाठीशी होते, तर दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्यांनी धरणग्रस्तांची वेगळी संस्था उभी करण्यास हातभार लावला. ठेक्याची मुदत संपत आली की दोन्हीकडून मुंबईपर्यंत निवेदने जात. या गोंधळाचा फायदा घेऊन तिसराच एक वर्ग पाण्यात शिरला. मोठ्या जलाशयांवर काम केलेल्या टोळ्या एखादा व्यापारी उचल देऊन आणत असे, आणि त्या रात्री वडाप ओढून पहाटे माल टेम्पोत भरून निघून जात. वडाप म्हणजे बारीक आसाचे लांबलचक ओढजाळे. ते तळापासून सगळे खरवडून आणते आणि बोटाएवढे पिल्लूही त्यातून सुटत नाही. सोलापूर जिल्ह्यातील उजनीच्या मच्छीमारांनी याच वडापविरुद्ध वारंवार आवाज उठवलेला आहे. आमच्याकडे मात्र एक संस्था दुसरीवर आरोप करी, दुसरी पहिलीवर, आणि टोळी दोघांच्याही डोळ्यांदेखत पाणी उपसत राही.

मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकून गावी परत आलो तेव्हा परिस्थिती ही अशी होती. सर्वांत आधी मी काठावरच्या वजनकाट्याजवळ एक वही घेऊन बसू लागलो. रोज येणाऱ्या मालातील रोहू, कटला आणि मृगळ यांची लांबी आणि वजन मी लिहून ठेवी. वर्षभराच्या नोंदींतून जे दिसले ते कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. जाळ्यात येणारा बहुतेक रोहू-कटला वयात येण्याआधीच बाहेर काढला जात होता आणि पाटीत चिलापीचे (तिलापियाचे) प्रमाण वाढत चालले होते.

याचे कारण या माशांच्या स्वभावात आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात वाहत्या नदीचे मासे आहेत. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले की ते प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि उथळ, पसरलेल्या पुराच्या पाण्यात अंडी देतात. त्यासाठी मासा दोन-तीन वर्षांचा व्हावा लागतो. धरणात म्हणून दरवर्षी बाहेरून बोटुकली म्हणजे बोटाएवढे मत्स्यबीज आणून सोडावे लागते. ती सोडण्याचा हंगाम पावसाळ्यातच येतो, आणि सोडल्यावर महिन्याभरात वडाप फिरले तर संस्थेने पैसे देऊन आणलेले बीज व्यापाऱ्याच्या टेम्पोत जाते. चिलापीचे तसे नाही. आफ्रिकेतून आलेला आणि १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा साठलेल्या पाण्यातच वर्षातून अनेकदा वितो आणि लहान असतानाच वयात येतो. मोठा मासा मारला गेला आणि बोटुकलीही गेली की मोकळी झालेली जागा तो भरून काढतो. चिलापीला भाव नाही असे नाही, पण जलाशय केवळ चिलापीचा झाला तर मच्छीमाराचे उत्पन्न खाली येते आणि पुन्हा वर जात नाही.

मूळचे नदीचे मासे तर कोणाच्या हिशेबातच नव्हते. मरळ, शिंगटा आणि वाम यांचे बीज सरकारी केंद्रातून येत नाही. आहे ते जपले तरच ते राहणार. मरळीचे नर-मादी आपल्या पिल्लांच्या थव्याखाली राहून त्यांची राखण करतात. पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा थवा खदखदताना दिसला की जाणकार माणूस त्याच्या खालीच गळ किंवा फेकजाळे टाकतो आणि राखण करणारी जोडी उचलतो. उरलेली पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. हे मी लहानपणी पाहिले होते. त्याचा अर्थ उदगीरला कळला.

त्याच सुमारास एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने जूनच्या आरंभी रत्नागिरीला जाण्याचा योग आला. मिरकरवाडा बंदरात नौका ओळीने उभ्या होत्या, काही किनाऱ्यावर ओढून शाकारल्या होत्या आणि खलाशी गावी गेले होते. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तिच्यातून सूट आहे. या बंदीमागे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंडाच्या रकमा वाढल्या. पूर्वी तहसीलदारांकडे चालणारी कारवाईची प्रकरणे त्यानंतर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आली. ट्रॉल म्हणजे नौकेमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या शेवटच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा असा नियम आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले, आणि सरंगा म्हणजे रुपेरी पापलेट याला राज्यमासा घोषित केले तेही त्याच वर्षी. कोवळे पापलेट मारले जाते ही तक्रार पालघरच्या सातपाटीतील मच्छीमार संस्था कितीतरी आधीपासून करत होत्या.

नियम इतके तपशीलवार असूनही तिथला तंटा मिटलेला नव्हता. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला घेरून खालून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा प्रश्न निघाला की तिथल्या माणसांचा आवाज चढे. या जाळ्यांच्या अभ्यासासाठी नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर बंधने घातली. ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर याच काळात करावी आणि परवान्यांची संख्या ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणावी, असे ठरले. समुद्रात प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या एलईडी पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी आणली. तरीही पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक एकमेकांविरुद्ध मोर्चे काढत होते, परराज्यातील ट्रॉलर हद्दीत शिरल्याच्या तक्रारी होत होत्या आणि प्रत्येक निवडणुकीत दोन्ही बाजूंना वेगवेगळे आश्वासन मिळत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे लावणाऱ्या एका वयस्कर रापणकाराशी बराच वेळ बोलणे झाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते, की सगळ्यांच्या नौका एकाच दिवशी वर येतात म्हणून पावसाळी बंदी पाळली जाते; ज्या नियमात एकाला थांबवून दुसऱ्याला सोडले आहे असे लोकांना वाटते, तो नियम रात्री मोडला जातो.

परत येताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. आमच्या जलाशयावर बंदीचा ठराव आधी आणि हक्काचा निवाडा नंतर असा क्रम चालणार नाही. जो माणूस 'या पाण्यात तुझा वाटाच नाही' असे ऐकत आला आहे, त्याला पुढच्या वर्षीच्या माशासाठी यंदा थांब असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पुढच्या वर्षीचा मासा त्याला मिळणारच नसेल तर आजचे बोटाएवढे पिल्लूही त्याने का सोडावे?

म्हणून बंदीचा विषय बाजूला ठेवून आम्ही सभासदत्वापासून सुरुवात केली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे; पात्र माणसाला पुरेसे कारण नसताना सभासदत्व नाकारता येत नाही. आमच्या संस्थेत यावरून मोठे वादळ झाले. आपल्याच संस्थेत धरणग्रस्तांना घेतले तर उद्या बहुमत त्यांचे होईल आणि भोयांनी पुन्हा काठावर उभे राहायचे, ही भीती खोटी नव्हती. माझे चुलते तर सभेतून उठून गेले. दुसरीकडे धरणग्रस्तांच्या संस्थेचे पुढारी एकत्र येण्याला तयार नव्हते, कारण वेगळी संस्था हेच त्यांच्या राजकारणाचे भांडवल होते.

तोडगा निघाला तो यादीवरून. दोन्ही बाजूंची चार-चार माणसे घेऊन आम्ही काठाकाठाने फिरलो आणि प्रत्यक्षात जाळे कोण टाकतो, चप्पू कोणाचा आहे, माल कोण विकतो, हे घरोघर जाऊन लिहून घेतले. या पाहणीत दोन्ही संस्थांची अडचण उघडी पडली. आमच्या यादीत परभणीला दुकान चालवणारे सभासद होते आणि त्यांच्या यादीत पुढाऱ्याचे नातेवाईक होते. यांपैकी कोणीही पाण्याला हात लावत नव्हते. कायद्यात क्रियाशील सभासद, म्हणजे संस्थेच्या कामात प्रत्यक्ष भाग घेणारा सभासद, ही कल्पना आहेच. तिचा आधार घेऊन दोन्ही याद्यांतील नुसती नावे बाजूला काढली, तेव्हा खरे मच्छीमार दोन्हीकडे मिळून जलाशयाला झेपतील इतकेच निघाले. संस्था दोनच राहिल्या, पण ठेक्याखाली मासेमारी करणाऱ्यांची यादी एक झाली. ओळखपत्रे एकाच नमुन्याची झाली आणि बीज सोडण्याचा खर्च दोन्ही संस्थांनी चप्पूंच्या प्रमाणात उचलायचा असे ठरले. मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयाला ही तडजोड कोणत्या फायलीत बसवायची हा प्रश्न पडला होता, परंतु तिथल्या एका अधिकाऱ्याने मन लावून मार्ग काढला आणि संयुक्त करारपत्र ठेक्याच्या कागदांना जोडून घेतले.

यानंतरच बंदीवर बोलणे सुरू झाले, आणि ते अपेक्षेपेक्षा सरळ झाले. सभेत मी वहीतील आकडे वाचले नाहीत. एका ताडपत्रीवर त्या पहाटे आलेला माल आकाराप्रमाणे मांडला आणि सगळ्यांना भोवतीने फिरून बघायला सांगितले. चर्चा रंगली ती तारखांवर. समुद्रावरची १ जून ते ३१ जुलै ही तारीख आमच्याकडे जशीच्या तशी लागू करावी असे काही जणांचे म्हणणे होते, कारण सरकारी तारीख असली की वाद राहत नाही. पण मराठवाड्याचा पाऊस कोकणासारखा ७ जूनच्या आगेमागे ठोकून येत नाही. कित्येक वर्षी जून आणि जुलै कोरडे जातात आणि नदीला पहिला पूर ऑगस्टमध्ये, कधी तर परतीच्या पावसात सप्टेंबरमध्ये येतो. २०१५ च्या पावसाने दगा दिल्यावर पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात आमचा जलाशयही मृतसाठ्याखाली गेला होता. अशा वर्षी जुलैअखेर बंदी उठवली तर मासा चढायच्या ऐन वेळी जाळी पाण्यात असणार.

जुन्या माणसांनी सुचवलेली वाट अशी होती, की जलाशयाची बंदी तारखेने ठेवावी आणि नदीच्या तोंडाची बंदी पाण्याने ठेवावी. त्याप्रमाणे १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात संपूर्ण जलाशयात जाळे बंद ठेवायचे ठरले. नदीचे तोंड मात्र १५ जूनला बंद होते ते नदीला एकदा पूर येऊन ओसरेपर्यंत, किंवा पूर आलाच नाही तर १५ सप्टेंबरपर्यंत बंद राहते. पूर आला की नाही हे कोणी ठरवायचे यावरही वाद होऊ शकला असता, म्हणून वरच्या पुलाच्या एका खांबावर रंगाची खूण केली. पाणी त्या खुणेला लागले म्हणजे पूर आला. ज्यांच्याकडे जाळे-चप्पू काही नाही आणि जो घरच्या कालवणापुरता काठावरून गळ टाकतो, त्याला सूट दिली. समुद्रावर छोट्या होड्यांना जशी सूट आहे तिचाच हा आधार होता. तंगुसाच्या जाळ्याचा किमान आस ठरला आणि वडाप बारा महिने बंद.

नदीच्या तोंडाची हद्द आखण्याचे काम मला या सगळ्यात मोलाचे वाटते. नकाशावर रेघ ओढणे सोपे होते, पण पाण्यावर ती कुठे आहे हे कोण सांगणार? तिथे बुडालेल्या गावची म्हातारी माणसे पुढे झाली. गावच्या मारुतीचा चौथरा कुठे आहे, पाटलाच्या विहिरीचा काठ कुठे, ओढा कुठून वळत होता, कोणत्या शेताच्या बांधापाशी पावसाळ्यात मासे खळाळत चढायचे, हे त्यांना डोळे मिटून सांगता येत होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर चौथरा उघडा पडला, तेव्हा आमचे भोई आणि ते धरणग्रस्त एकाच चप्पूतून तिथे गेले. चौथरा, विहीर आणि बांध यांना धरून बांबू रोवले आणि पाणी वाढल्यावर खुणा दिसाव्यात म्हणून दोरीने प्लास्टिकचे डबे बांधले. सभासदत्वाच्या वादात जे चुलते सभेतून उठून गेले होते, ते त्या दिवशी चप्पू वल्हवायला होते.

एक प्रश्न आम्ही सगळे पुरुष विसरलो होतो, तो बायकांनी मांडला. आमच्याकडे मासे विकण्याचे काम बहुतेक बायकाच करतात. आजूबाजूच्या गावांच्या आठवडी बाजारात त्यांच्या ठरलेल्या जागा असतात. ठरावाची माहिती द्यायला बोलावलेल्या बैठकीत माझी मावशी म्हणाली, "बंदी तुमी पाळा बाबा. पर अडीच महिने बाजारात मी काय घिऊन बसू? माजी जागा गेली तर ती कोन परत देनार?" बाजारातील जागा एकदा सुटली की आंध्रातून बर्फात येणारा रोहू-कटला विकणारा तिथे बसतो आणि दिवाळीनंतर आपला ताजा मासा आला तरी तो उठत नाही. मग बंदीच्या काळात संस्थेनेच आंध्रचा माल घाऊक भावाने आणून या बायकांना विकायला द्यावा असे ठरले. शीतपेट्यांसाठी संस्थेने गंगाजळीतून रक्कम काढली. या व्यवहारात संस्थेला नफा होत नाही आणि व्हावा अशी अपेक्षाही नाही.

बंदीच्या काळात घरे कशी चालायची यासाठी सरकारची एक योजना आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत, जी २०२० मध्ये सुरू झाली, बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांसाठी सरकार एका मच्छीमार कुटुंबामागे ३००० रुपये देते आणि १५०० रुपये त्या कुटुंबाने आधी बचत करून भरायचे असतात. अशा ४५०० रुपयांत तीन महिने घर चालत नाही हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही, आणि ती रक्कमही वेळेवर हातात पडेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून ऑक्टोबर ते मे या हंगामात विक्रीतून किलोमागे थोडी कपात करून संस्थेत वेगळे खाते ठेवले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते वाटायचे असा पोटनियम केला. कपातीवर कुरकूर झाली, आजही होते. पण जुलैत पैसे हातात पडल्यावर उचल घ्यायला व्यापाऱ्याच्या दारी जाणे कमी झाले आणि उचल कमी झाल्यामुळे वडापच्या टोळीला गावातून मिळणारा आसराही कमी झाला. माझ्या मते बंदी टिकण्यामागे रात्रीच्या गस्तीपेक्षा या खात्याचा वाटा मोठा आहे.

गस्त मात्र लागतेच. प्रत्येक रात्री दोन्ही गटांचा एक-एक माणूस अशी जोडी ठेवली, म्हणजे कोणी कोणावर पक्षपाताचा आरोप करू नये. पहिल्याच पावसाळ्यात वडाप घेऊन आलेली एक टोळी सापडली. जाळे जप्त करून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तर हा संस्थांचा आपसातला दिवाणी वाद आहे असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. पुढे एका डोहात कोणीतरी कीटकनाशक ओतले आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागला, तेव्हा मी १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाची प्रत सोबत नेली. पाण्यात विष कालवून किंवा स्फोटके वापरून मासे मारणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार नोंदवली गेली. विष ओतणारा सापडला नाही, परंतु तक्रार नोंदवली जाते हे सगळ्यांना कळले आणि तो प्रकार पुन्हा घडला नाही.

निवडणूक आली ती याच धामधुमीत. एका उमेदवाराने काठावरच्या गावांत भाषण करून सांगितले, की आपण निवडून आलो तर जलाशय सर्वांना खुला करू, ठेका नाही आणि बंदीही नाही. टाळ्या पडल्या. दोन्ही संस्थांची माणसे मिळून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांना आश्चर्य वाटले ते दोन्ही गट एकत्र आल्याचे. त्यांच्या हिशेबात आम्ही एकमेकांचे वैरी होतो. धरणग्रस्तांच्या बाजूच्या एका तरुणाने त्यांना विचारले, "भाऊ, सगळ्यांना खुलं केलं तर वडापवाल्यालाबी खुलं होईल का?" उत्तर आले नाही, पण पुढच्या सभांतून तो मुद्दा गळला. विरुद्ध बाजूच्या उमेदवाराने आमच्या करारपत्रावर सही करून दिली. निकाल काय लागला याने आमच्या पाण्यावर फरक पडला नाही, आणि निकालाने फरक पडणार नाही अशी व्यवस्था असावी हीच आमची धडपड होती.

हक्काचा धोका केवळ आपसातून येतो असेही नाही. पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याच्या निविदेविरुद्ध तिथल्या कहार समाजाच्या समितीने हरित न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. १९८६ पासून पक्षी अभयारण्य असलेल्या त्या जलाशयावर शेकडो घरांची चूल अवलंबून आहे, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. ती बातमी आमच्याकडे काठावर वाचली गेली तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले की आपल्या वह्या नीट आहेत ना. तेव्हापासून मापनाच्या, गस्तीच्या आणि बीज सोडल्याच्या वह्यांची एक प्रत आम्ही ग्रामपंचायतीत आणि एक मत्स्यव्यवसाय कार्यालयात ठेवतो. इथे मासेमारी कोण करतो आणि मासा कोण राखतो, हे उद्या कोणी विचारले तर कागद हवा.

माशांबाबत काय बदल झाला ते सांगताना मी सावध राहतो, कारण पाऊस चांगला झाला की मासा आपोआपही वाढतो आणि त्याचे श्रेय बंदीला देणे बरोबर नाही. तरी वहीत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. काट्यावर येणाऱ्या रोहू-कटल्यात पूर्ण वाढ झालेल्या माशांचे प्रमाण आधीपेक्षा जास्त आहे, आणि नदीच्या तोंडाशी शिंगट्याची व मरळीची पिल्ले पुन्हा दिसू लागली आहेत. चिलापी कमी झालेली नाही. ती कमी होईल अशी मला आशाही वाटत नाही.

अजून दोन बाबी सुटायच्या आहेत. उन्हाळ्यात जलाशय आटत जातो तेव्हा उरलेल्या खोल पाण्यात सगळा मासा गोळा होतो. तिथे रात्रंदिवस मोटारी लावून पाणी उपसले गेले तर पावसाळ्यात राखलेला मासा मे महिन्यात मरतो. शेतकऱ्याला पाणी नको असे आम्ही म्हणू शकत नाही, आमचीही गाळपेर तिथेच आहे. मात्र एका पातळीखाली मोटारी बंद कराव्यात एवढी आमची मागणी आहे. दुसरी बाब वडाप बाळगणाऱ्या स्थानिकाला करायच्या दंडाची. धरणग्रस्तांच्या संस्थेला पहिल्या वेळी समज देऊन सोडावे असे वाटते, आमच्या संस्थेला जाळे जाळून टाकावे असे वाटते, आणि यावर अजून एकमत झालेले नाही. ठेक्याची मुदत संपत आल्यामुळे नूतनीकरणाचा प्रस्ताव दोन्ही संस्थांच्या सह्यांनी सहायक आयुक्त कार्यालयात दाखल केला आहे. त्याला नदीच्या तोंडाच्या बंद क्षेत्राचा नकाशा जोडला आहे, आणि किमान पाणीपातळीच्या मागणीवर जलसंपदा विभागाचे उत्तर यायचे आहे.